इनास सरांचा शेरीफ

इनास सरांनी मला पहिल्यांदा गोळी घातली तेव्हा मी स्टाफरूममध्ये आठवीच्या वह्या तपासत बसले होते. नोकरीचा तिसरा दिवस. दारातून एक उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस आत आला. त्याने खिशातून पिस्तूल काढलं, एक डोळा मिटला आणि तोंडाने अगदी हलकेच 'ठप्' केलं. मी खुर्चीतून उडालेच. पिस्तूल पांगाऱ्याच्या लाकडाचं होतं, नुकतंच काळं रंगवलेलं, आणि सरांना फक्त एवढंच बघायचं होतं की लांबून ते खरं वाटतं का. "वाटतं," ते समाधानाने म्हणाले आणि माफीबिफी न मागता निघून गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर केळ्यांची एक फणी ठेवलेली होती. सरांची माफी मागायची ती पद्धत होती, हे मला पुढे कळलं.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. वसईजवळ निर्मळला त्यांची केळीची आणि मोगऱ्याची लहानशी वाडी होती, वाडीत कौलारू घर. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन कॅनडाला. मी कराडकडची, आमचे हेही तिकडचेच, लग्नाने वसईत आलेली, फ्लॅटात राहणारी. इथल्या गावातल्या ख्रिस्ती लोकांबद्दल मला ओ की ठो माहीत नव्हतं. पहिल्याच वर्षी मी शहाण्यासारखं सरांना विचारलं होतं की तुम्ही घरी इंग्लिशच बोलत असाल ना. त्यावर ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्यांच्या घरची जी बोली आहे ती मला तीस वर्षांनीही धड येत नाही. म्हणून इथे त्यांचं बोलणं मी माझ्याच मराठीत सांगणार आहे. तसं ते माझ्याशी शाळेतलं मराठीच बोलायचे.

तर सर पिक्चर काढायचे. वर्षाला एक, सात-आठ मिनिटांचा, आणि तोही असला-तसला नाही. घोडे, पिस्तुलं, दरोडेखोर आणि शेरीफ असलेला. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला गेले असताना त्यांनी असा एक इंग्रजी पिक्चर पाहिला होता. शब्द एक कळला नाही, पण सगळं कळलं. एक गाव, गावात एक विहीर, बाहेरून आलेली वाईट माणसं, आणि त्यांच्यापुढे एकटा उभा राहिलेला शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार. "बाई, मला वाटलं हे आमचंच गाव आहे," ते म्हणाले होते, "फक्त ह्यांनी घोडे आणलेत." मोठा पिक्चर का नाही काढत म्हणून विचारलं तर म्हणायचे, आमच्या लोकांना मासे संपायच्या आत बाजारात पोचायचं असतं, त्यांना जास्त वेळ बसवून ठेवणं बरं नाही.

सुरुवातीला लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका ओळखीच्या पोराकडून कॅमेरा मागून आणायचे, पुढे पुढे फोनवरच काढायला लागले. बाकी सगळं घरचं. राजोडीच्या समुद्रावर सुट्टीला आलेले लोक ज्या गवताच्या टोप्या घेतात आणि संध्याकाळी वाळूत टाकून जातात, त्या सर गोळा करायचे आणि चहाच्या पाण्यात उकळून जुन्या करायचे. शेरीफच्या छातीवरचा तारा बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा. दारूचा गुत्ता म्हणजे त्यांचीच केळी ठेवायची खोली, आणि गुत्त्याचं ते दोन्हीकडे हलणारं दार म्हणजे कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या खिडकीची दोन झडपं. बंदुकीचा धूर टाल्कम पावडरचा. एकदा वारा उलटा फिरला आणि गोळी घालणाराच शिंका देत खाली बसला. सरांनी तेवढा भाग तसाच ठेवला. म्हणाले, दरोडेखोरालाही सर्दी होते.

घोडे राजोडीवरचे. रामा नावाचा एक माणूस शनिवार-रविवारी तिथे पोरांना घोड्यावरून फिरवायचा. त्याचा घोडा झिरमिळ्या लावलेला, गळ्यात घुंगरं. सरांनी झिरमिळ्या काढल्या, घुंगरं काढली, तर घोडा जागचा हलेना. घुंगरं वाजल्याशिवाय चालायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी रामा कॅमेऱ्याच्या मागे घुंगरं वाजवत पळायला लागला, तेव्हा कुठे घोडा निघाला. आणि निघाला तरी सुरूच्या झाडांपासून भेळेच्या गाडीपर्यंत. गाडी आली की आपला आपण वळायचा, कारण फेरी तिथे संपते. दरोडेखोराने लाख टाचा मारल्या तरी तो पुढे पाऊल टाकायचा नाही. सरांनी घोड्याला एका शब्दाने दुखवलं नाही. त्यांनी गोष्टच बदलली. दरोडेखोर पळून जातो, अर्ध्या वाटेत त्याला आईची आठवण येते आणि तो परत फिरतो. त्या वर्षी तो पिक्चर बघून निम्म्या बायका रडल्या. रामा मात्र सगळ्यांना सांगत सुटला, "आई बी नाय न काय नाय, घोड्याला पानी प्यायचा होता."

मिठागरांचं काही मात्र त्यांना बदलता आलं नाही. उघड्या, रखरखीत मैदानाचे प्रसंग ते नायगावच्या बाजूला मिठागरांत काढायचे. पहिल्या पिक्चरात आभाळच आभाळ होतं. मग लांबवर एक इमारत दिसायला लागली, मग चार, मग सगळीकडेच टॉवर. शेरीफच्या मागे बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी दिसून कसं चालेल? म्हणून सर दरवर्षी कॅमेरा थोडा खाली घ्यायचे. शेवटच्या दोन पिक्चरांत तर तिथल्या प्रसंगांत नुसते घोड्याचे गुडघे आणि माणसांचे बूट दिसतात. मी त्यावरून त्यांची चेष्टा केली होती की पुढच्या वर्षी मुंग्यांचाच पिक्चर काढा. सर हसले नाहीत. नंतर मला वाईट वाटलं, पण मी तशीच आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता शेरीफबद्दल सांगते. शेरीफ कायम एकच, बस्त्यावभाऊ. सरांचे बालमित्र, शेजारच्याच आळीतले. फुलांची शेती, अंगाने आडवे, चालणं संथ. नट म्हणून विचाराल तर यथातथाच. रागावले काय आणि पोट दुखलं काय, चेहरा एकच. पण आवाज! विहिरीत घागर बुडताना येतो तसा खोल, गार आवाज. देवळात (तिथली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) रविवारच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला, बायबलचं वाचन करायला बस्त्यावभाऊच. लग्नात घोषणा करायला तेच, मयताला प्रार्थना सांगायलाही तेच. त्यांची बायको मार्था वहिनी म्हणायच्या की मी ह्यांना न बघताच होकार दिला होता, देवळात मागच्या बाकावरून आवाज ऐकला आणि बास.

सर ह्या आवाजासाठी लिहायचे. वाऱ्यामुळे आणि समुद्रावरच्या गर्दीच्या कलकलाटामुळे शूटिंगच्या वेळचा आवाज काही कामाचा नसायचा. म्हणून आधी नुसतं चित्र घ्यायचं आणि आवाज मागून भरायचा, अशी त्यांची रीत होती. सरांच्या मधल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, आणि बस्त्यावभाऊ अनवाणी उभे राहायचे, कारण चपला करकरायच्या. समोर पडद्यावर स्वतःचं तोंड हलताना बघत बघत ते वाक्य म्हणायचे. घामाने निथळायचे दोघे. चुकलं तर सर 'कट' वगैरे म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "बरं झालं. आता खरं करू." मी एकदा हे बघायला गेले होते आणि मला बाहेर ओट्यावर बसवलं होतं, कारण माझ्या बांगड्या वाजतात. दारामागून तो आवाज ऐकला. पाणी सगळ्यांचं आहे, विहिरीवरून मागे व्हा, एवढंच काहीतरी वाक्य होतं. अंगावर काटा आला माझ्या.

आणखी एक. त्यांच्या पिक्चरात शेरीफ नेहमी गावच्या बोलीत बोलायचा आणि दरोडेखोर मुंबईच्या मराठीत. असं का, मी विचारलं. "चोर बाहेरून येतात, बाई," सर म्हणाले. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळले आणि म्हणाले, "तुमचं तसं नाही. तुम्ही रीतसर फ्लॅट घेतलात."

गावच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी दिवेलागणीला सरांच्या अंगणात पांढरी चादर लावून नवा पिक्चर दाखवायचे. सगळं गाव खुर्च्या घेऊन यायचं. शेरीफने तोंड उघडलं की पोरं शिट्ट्या मारायची, आणि बस्त्यावभाऊ अंधारात मान खाली घालून गालात हसायचे. तोंडदेखलं सुद्धा ते कधी म्हणाले नाहीत की माझं काम काही खास नाही. त्यांना ठाऊक होतं की ते खास आहे.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी शूटिंग चालू असतानाच भाऊंचा घसा बसलेला होता. काढे झाले, मीठ-हळदीच्या गुळण्या झाल्या. मग डॉक्टरांनी गाठ सांगितली. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. आवाज गेला तो गेलाच.

आणि इकडे पिक्चर तयार. शेरीफचं तोंड हलतंय, आवाज भरायचा राहिलेला. सण आठ दिवसांवर.

सर मला म्हणाले, ह्या वर्षी नाही दाखवत. इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी कुणाच्या कामात नाक खुपसत नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि खुपसते. मी म्हटलं, सर, आमच्या ह्यांचा आवाज भरा की. आमचे हे तरुणपणी ऑफिसच्या नाटकांत कामं करायचे, आवाज जाड आहे. हिंदी पिक्चरांत नाही का करत, तोंड एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा? बस्त्यावभाऊंनाही बरं वाटेल, आपलं काम वाया गेलं नाही म्हणून. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, बस्त्यावला विचारून येतो. त्यावर माझं उत्तर मला आजही शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "अहो, माणूस मरणाच्या दारातून आलाय. त्याला आत्ता कशाला त्रास देता? सरप्राइज द्या."

सर माझं ऐकत. शाळेत सहलीच्या याद्या, स्नेहसंमेलन, परीक्षेचे कागद, सगळं मी मार्गी लावायचे, म्हणून त्यांना वाटायचं की बाईंना कळतं. त्यांनी ऐकलं.

आमच्या ह्यांनी दोन दिवस गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. गावची बोली त्यांच्या तोंडात काही केल्या बसेना, तेव्हा सरांनी वाक्यं साध्या मराठीत लिहून दिली. गोधड्यांच्या खोलीत आमचे हे झकास बोलले. मी ओट्यावर बसून कौतुकाने ऐकत होते. बांगड्या काढून ठेवल्या होत्या मी, त्या दिवशी.

सणाच्या दुसऱ्या दिवशी बस्त्यावभाऊ आले. हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्यांदाच लोकांत आले होते. पांढरा सदरा, गळ्याला रुमाल बांधलेला. सगळे उठून उभे राहिले, त्यांना मधली खुर्ची दिली. चादरीवर पिक्चर सुरू झाला. शेरीफ विहिरीपाशी येतो, टोपी मागे सारतो, तोंड उघडतो. आणि भाऊंच्या तोंडातून आमच्या ह्यांचा, थेट कराडकडचा, आवाज आला. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून पोरांनी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या. कुणीतरी मोठ्याने म्हणालं सुद्धा की आवाज आधीपेक्षा बरा वाटतोय. ते चांगल्या मनाने म्हटलं असणार.

बस्त्यावभाऊ उठले. खुर्ची हळूच मागे सरकवली, कुणाच्या पायावर पाय पडणार नाही असं बघत बघत बाहेर गेले. पिक्चर चालूच होता.

दुसऱ्या दिवशी मार्था वहिनींच्या हाती त्यांनी सरांना एक चिठ्ठी पाठवली. सरांनी ती मला वाचायला दिली. मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलेलं होतं, "माझ्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घातलास. मला विचारलं असतंस तर मी मुक्यानेच उभा राहिलो असतो."

सर चिठ्ठी घडी करून खिशात ठेवताना म्हणाले, "खरं आहे त्याचं." मी म्हटलं, मी जाऊन सांगते, कल्पना माझी होती. सर म्हणाले, "नको बाई. पिक्चर माझा आहे." आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण तसंच वाटलं. मी दुसऱ्यांदा सांगते म्हणाले नाही.

पुढे दोन-अडीच वर्षं हे चाललं. सर रोज संध्याकाळी सायकलवरून भाऊंच्या फाटकापाशी जायचे. भाऊ फुलांत असायचे, पाठ करायचे. केळ्यांच्या फण्या फाटकावर लटकवून ठेवल्या तर त्या दुसऱ्या दिवशी तशाच असायच्या, मग मार्था वहिनी गुपचूप काढून घ्यायच्या. मिस्सेत एक वेळ अशी येते की फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या, आणि सगळे आजूबाजूच्यांशी हात मिळवतात. सर मुद्दाम भाऊंच्या बाकावर, त्यांना लागून बसायला लागले. म्हणजे हात मिळवावाच लागेल. भाऊ पुढच्याशी मिळवायचे, मागच्याशी मिळवायचे आणि मग वेदीकडे बघत दोन्ही हात जोडून उभे राहायचे. सरांचा हात तसाच पुढे. हे मला मार्था वहिनींनी सांगितलं, भाजीबाजारात. म्हणाल्या, सर असं वागतील असं आम्हाला स्वप्नात वाटलं नव्हतं, लहानपणापासूनचा जीव की हो तो. मी समोरची वांगी उलटीपालटी करून बघत राहिले. तेवढं बोलायला मला किती वेळ लागला असता? वांगी घेऊन मी घरी आले.

घरी ह्यांनाही त्याचं लागलं होतं. त्यांनी त्यानंतर कुठल्याही लग्नाकार्यात चार शब्द बोलायला माईक हातात घेतला नाही. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सर तोवर शाळेतून रिटायर झाले होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी दोन वर्षं पिक्चर काढला नाही. मग एक दिवस मला बोलावून कागद दाखवले. नवी गोष्ट लिहिली होती. तिच्यातला शेरीफ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. गावात दरोडेखोर येतात, सगळे ओरडतात, भांडतात, धमक्या देतात. शेरीफ नुसता येऊन उभा राहतो, आणि हळूहळू सगळे गप्प होतात. मला वाचतानाच भरून आलं. सरांनी तेच कागद स्वच्छ अक्षरात उतरवून भाऊंकडे पाठवले. ते गेले तसे परत आले. दुसऱ्यांदा पाठवले, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी परत आले नाहीत, आणि सर लहान पोरासारखे खूश झाले. म्हणाले, ठेवून घेतलेत त्याने.

सरांनी शूटिंग सुरू केलं. भाऊ येणारच असं धरून. दर रविवारी मिस्सेनंतर केळीच्या खोलीत सगळी मंडळी टोप्या घालून बसायची आणि त्या झडपांच्या दाराकडे बघायची, जणू शेरीफ आत्ता आत आला. सगळ्यांची चित्रं घेऊन झाली. राहिलं ते फक्त दारातलं. "बस्त्याव आला की एका सकाळचं काम आहे," सर म्हणायचे. मी म्हटलं, दुसरा कुणी उभा करा सर, पाठमोरा घ्या, कोण बघतंय. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. मी तेच पुन्हा करत होते आणि मला कळतही नव्हतं.

मग सर वाडीत पडले. खुबा मोडला. ऑपरेशन होऊन काठी घेऊन चालायला लागले, पण एकटं राहणं काही खरं नव्हतं. मुलगी कॅनडाहून आली आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं. वाडी भाच्याने बघायची. सर नाही म्हणाले नाहीत. फक्त जायचा दिवस दोनदा पुढे ढकलला आणि दोन्ही वेळा रविवारनंतर.

निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांना विमानतळापर्यंत सोडायला गाडीत होते. मुलगी पुढे ड्रायव्हरशेजारी, सर आणि मी मागे. निर्मळच्या नाक्याआधी सरांनी गाडी थांबवायला सांगितली. भाऊंच्या फाटकापाशी. ते काठी टेकत उतरले. भाऊ पंधरा-वीस पावलांवर मोगऱ्याच्या ओळीत वाकून कळ्या खुडत होते. सर फाटकाला धरून उभे राहिले. हाक मारली नाही त्यांनी. माझी काच अर्धी खाली होती. मला भाऊंची पाठ दिसत होती, कळ्यांची टोपली दिसत होती, सरांच्या शर्टावर मागे उमटलेला घाम दिसत होता. तोंडाशी आलं होतं माझ्या. उतरावं, फाटक उघडावं आणि सांगून टाकावं, भाऊ, हे सगळं माझं आहे, ह्यांचं नाही. एवढंच. पण मुलगी घड्याळ बघायला लागली, ड्रायव्हर म्हणाला हायवेला जाम आहे, आणि माझ्यातली ती कामं मार्गी लावणारी बाई जागी झाली. मी काचेतून म्हटलं, "चला सर, उशीर होतोय."

सर वळले. गाडीत बसताना त्यांनी काठी आधी आत घेतली, मग पाय, मग ते. म्हणाले, "हो, चला." विमानतळावर त्यांनी मला नमस्कार केला, मुलीने ढकलत नेलेल्या त्या चाकांच्या खुर्चीतून एकदा मागे बघितलं आणि बोटाचं पिस्तूल करून, एक डोळा मिटून, माझ्यावर नेम धरला. तोंडाने काय केलं ते काचेमुळे ऐकू आलं नाही. मी त्यांना बघितलं ते तेवढंच शेवटचं.

तिकडे त्यांना पहिला हिवाळाच सोसला नाही. न्यूमोनिया झाला म्हणे. तिथेच पुरलं. इथे गावात त्यांच्यासाठी मिस्सा झाली, मी आणि आमचे हे मागच्या बाकावर बसलो होतो. शांती द्यायची वेळ आली. भाऊ तिसऱ्या रांगेत होते, शेजारची जागा रिकामी. त्यांनी कुणाशीच हात मिळवला नाही.

चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. ह्यांना बरोबर येऊ दिलं नाही. भाऊ ओट्यावर बसले होते, मांडीवर पोरांची असते तसली पाटी, कारण ते आता पाटीवर लिहूनच बोलतात. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आवाज भरायची कल्पना माझी. विचारून येतो म्हणाले तर नको म्हणाले ती मी. सरांनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही, इतकी वर्षं. सांगताना माझा आवाज मलाच ऐकवेना. मार्था वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं भाऊ उठून जातील, किंवा मला जायला सांगतील, आणि खरं तर मला तेच हवं होतं.

ते तसेच बसले. आत त्या परत न केलेल्या कागदांचं पुडकं असेल, खुंटीवर पत्र्याचा ताराही कदाचित असेल, मला काय ठाऊक. गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर हलत होतं. मग त्यांनी पाटी घेतली आणि सावकाश लिहून माझ्यासमोर धरली.

"त्या दिवशी मी वळणारच होतो. तेवढ्यात तुम्ही त्याला हाक मारलीत."

मी वाचलं. त्यांनी पाटी धरूनच ठेवली होती, मला वाचायला वेळ लागतोय असं वाटून. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी वहिनींना हाताने खूण केली, त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या, मला खुर्ची दिली. मी तिथे बसून तो सगळा चहा प्यायले. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.